हिऱ्याची अंगठी घेण्याआधी: पारख, प्रमाणपत्र आणि पावती

सराफाच्या दुकानात सोन्याचा त्या दिवसाचा भाव फलकावर लिहिलेला असतो. हिऱ्याच्या भावाचा फलक कुठेच नसतो. त्यामुळे तोळ्या-ग्रॅमचा हिशेब तोंडपाठ असलेली माणसंही हिऱ्याच्या काउंटरवर गप्प होतात आणि शेवटी "काही कमी करा की" एवढंच म्हणतात. पण किती कमी करायचं हे सांगायला तो आकडा कशाकशाचा बनलाय ते माहीत हवं, आणि ते समजून घेणं वाटतं तितकं अवघड नाही. साखरपुड्यासाठी अर्ध्या कॅरेटच्या आसपासचा एकच हिरा असलेली, म्हणजे सॉलिटेअर अंगठी घ्यायची आहे असं धरून क्रमाने बघू. कुड्या, मोरणी किंवा मंगळसूत्राच्या पेंडंटमध्ये जिथे हिशेब बदलतो, तिथे तेही सांगेन.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जे डोळ्याला दिसतं त्यावर पैसे घालावेत आणि जे फक्त कागदावर दिसतं तिथे हात आखडता घ्यावा. बहुतेक दुकानांत याच्या नेमकं उलट होतं.

घरूनच ठरवून निघा: खाणीतला की प्रयोगशाळेतला

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा नकली नसतो. तोही कार्बनच, तेवढाच कठीण आणि तेवढाच चमकणारा. एचपीएचटी पद्धतीत प्रचंड दाब आणि उष्णता देऊन तो तयार करतात, तर सीव्हीडी पद्धतीत वायूतला कार्बन थरावर थर बसवून. मुरलेल्या जवाहिऱ्यालाही नुसत्या भिंगातून दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी यंत्र लागतं.

फरक आहे तो भावात. डी बीअर्ससारख्या खाणमालक कंपनीने २०१८ मध्ये लाइटबॉक्स हा प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचा ब्रँड काढला, तेव्हा कॅरेटला सरसकट ८०० डॉलर असा भाव ठेवला होता. पुढे बाजारातले भाव इतके घसरले, की २०२५ मध्ये कंपनीने तो ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे या हिऱ्यावर घातलेले पैसे खर्ची पडले असंच धरून चालावं. मोठा, स्वच्छ, देखणा खडा कमी पैशांत हवा असेल तर हा पर्याय उत्तम आहे. उद्या मोडायची वेळ आली तर काहीतरी परत मिळावं असं वाटत असेल, तर नैसर्गिक हिरा घ्या. तरीही नैसर्गिक हिऱ्याला गुंतवणूक समजू नका. विकायला गेलात की घेतल्या भावापेक्षा बराच खालचा भाव ऐकायला मिळतो.

प्रयोगशाळेतला हिरा घेणार असाल तर 'डी रंग, व्हीव्हीएस'चा, म्हणजे रंग आणि स्वच्छतेच्या अगदी वरच्या श्रेणींचा, हट्ट धरू नका. हे हिरे बहुतेक वरच्याच श्रेणींत बसतात. म्हणूनच जीआयए या हिरे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने ऑक्टोबर २०२५ पासून त्यांना रंग आणि स्वच्छतेच्या बारीक श्रेणी देणं थांबवून 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' अशा दोनच पायऱ्या ठेवल्या.

नकलेचं थोडक्यात. ज्याला आपण 'अमेरिकन डायमंड' म्हणतो ते क्युबिक झिर्कोनिया, त्याचा हिऱ्याशी संबंध नाही. मोइसानाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. दुकानदार पेनासारखं यंत्र टेकवून "बघा, वाजलं" म्हणतो, ते यंत्र खडा उष्णता किती पटकन वाहून नेतो एवढंच मोजतं. त्यात झिर्कोनिया पकडला जातो, पण साधं यंत्र मोइसानाइटला फसतं, आणि प्रयोगशाळेतला हिरा तर वाजणारच, कारण तो हिराच आहे. मोइसानाइट ओळखायला खडा थोडा तिरपा धरून भिंगातून आत पाहावं. खालच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या एकेरीच दिसतात.

वजन ऐका, पण मिलिमीटर विचारा

एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि एका कॅरेटचे १०० सेंट. दुकानात 'पन्नास सेंटचा' म्हणतात तो अर्ध्या कॅरेटचा हिरा. सोन्याच्या २२ किंवा १८ कॅरेटशी याचा काही संबंध नाही, तो शुद्धतेचा आकडा.

बोटावर मात्र वजन दिसत नाही, व्यास दिसतो. नीट पैलू पाडलेला गोल हिरा ३० सेंटला साधारण ४.३ मिलिमीटर, ५० सेंटला ५.१ ते ५.२, ७० सेंटला ५.७ आणि एका कॅरेटला ६.५ मिलिमीटर भरतो. वजन दुप्पट झालं तरी व्यास पाव हिश्शानेच वाढतो, हे बजेट ठरवताना लक्षात ठेवा. ५० सेंटचा हिरा ४.९ मिलिमीटरच भरत असेल तर त्याचं वजन खाली पोटात दडलंय. तुम्ही पैसे वजनाचे देताय आणि दिसतोय मात्र लहान हिरा. प्रमाणपत्रावर मापं छापलेली असतात, ती आधी वाचा.

भाव वजनासोबत सरळ रेषेत चढत नाही, पायऱ्यांनी चढतो. ३०, ५०, ७०, ९० सेंट आणि एक कॅरेट या मोठ्या पायऱ्या. ४७ सेंटचा हिरा डोळ्याला ५० सारखाच दिसतो, पण कॅरेटमागे भाव खालच्या पायरीचा लागतो. असे हिरे कमी सापडतात, कारण कारागीर रफमधून, म्हणजे कच्च्या हिऱ्यातून, कसंही करून पन्नासचा आकडा गाठायला बघतो. म्हणूनच बरोबर ०.५० किंवा १.०० वजनाचा हिरा समोर आला की वजन वाचवण्याच्या नादात कट, म्हणजे पैलूंची ठेवण, बिघडलाय का, हे जास्त बारकाईने तपासा.

'एकूण एक कॅरेट' हे शब्दही नीट ऐका. पाच-पाच सेंटचे वीस हिरे मिळून एक कॅरेट होतं, पण त्याची किंमत एकट्या एक कॅरेटच्या हिऱ्याच्या जवळपासही जात नाही. काही अंगठ्यांत लहान हिरे एकमेकांना इतके खेटून बसवतात की लांबून एकच मोठा खडा वाटतो. बाजारात त्याला प्रेशर सेटिंग म्हणतात. यात फसवणूक नाही, फक्त आपण काय घेतोय ते कळून घ्यावं. भिंगातून जोड दिसतात.

कट: इथे कंजुषी नको

हिऱ्याची चमक कटवर अवलंबून असते. वरून आत गेलेला प्रकाश खालच्या तिरप्या पैलूंवर आपटून पुन्हा वर आला तर हिरा झळाळतो. खालचा भाग फार उथळ किंवा फार खोल असला तर तोच प्रकाश खालून नाहीतर बाजूने निसटतो आणि डी रंगाचा, निर्दोष हिराही मेल्यासारखा दिसतो. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गोल हिऱ्यासाठी या कोनांचं गणित मांडलं, आणि आजही कारागिरांचे कोन त्याच्या आसपासच फिरतात.

जीआयएच्या प्रमाणपत्रावर गोल हिऱ्याच्या कटची श्रेणी एक्सलंटपासून पुअरपर्यंत असते. कट, पॉलिश आणि सिमेट्री तिन्ही एक्सलंट असतील तर व्यापारी त्याला 'ट्रिपल एक्स' म्हणतात. गोल हिरा घेताना त्याखाली उतरू नका. बजेट बसत नसेल तर रंगात किंवा स्वच्छतेत एक पायरी उतरा.

पण ट्रिपल एक्सचं कुंपण बरंच ऐसपैस आहे, त्यात आतल्या आत सरस-निरस असतं. म्हणून खालचे आकडे प्रमाणपत्रावर बोट ठेवून वाचा. वरच्या सपाट पैलूचा, म्हणजे टेबलाचा, आकडा ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ६० ते ६२.५ टक्के, वरच्या उताराचा कोन ३४ ते ३५ अंश आणि खालच्या उताराचा ४०.६ ते ४१ अंश. शेवटचे दोन आकडे जोडीने वाचायचे. दोन्ही एकदम चढे असले, समजा ३५.५ आणि ४१.२, तर हिरा मध्यभागी काळवंडतो. खालचा उतार फारच उथळ असेल तर टेबलाच्या आत राखाडी कडं दिसतं. वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतात ती कड म्हणजे गर्डल. ती फार पातळ असेल तर टवका उडू शकतो, फार जाड असेल तर फुकटचं वजन तुमच्या माथी. 'मीडियम' किंवा 'स्लाइटली थिक' चालतं.

आता प्रत्यक्ष बघणं. दुकानाच्या छतावरचे बारीक, प्रखर दिवे हिऱ्यासाठीच लावलेले असतात. त्यांच्याखाली कोणताही हिरा नाचतो, झिर्कोनियासुद्धा. म्हणून हिरा आधी पुसून घ्या, कारण बोटाच्या तेलाने चमक मरते. मग तो दाराजवळच्या उजेडात न्या, पण थेट उन्हात नको. तेही जमत नसेल तर तळहाताची सावली धरून बघा. चांगला हिरा सावलीतही मध्यभागी जिवंत राहतो आणि जरासा हलवला की उजळ-काळे तुकडे ठरावीक नक्षीत जागा बदलतात. वाईट हिरा सावलीत गेला की मधोमध काचेसारखा पारदर्शक होतो. एकटा हिरा बघून हे कळत नाही. दोन-तीन शेजारी ठेवून बघा, फरक लगेच जाणवतो. विक्रेता कंटाळला तर कंटाळू दे.

ओव्हल, पेअर, मार्क्विझ असे आकार घेताना डोळा आणखी लागतो. आजवरच्या बहुतेक जीआयए प्रमाणपत्रांवर या आकारांना कटची श्रेणीच नाही. त्यांच्या मधोमध बो-टायच्या आकाराचा काळपट पट्टा दिसतो. थोडा असला तर चालतो, पण हिरा हलवूनही पट्टा हटत नसेल तर तो हिरा परत करा. चौकोनी प्रिन्सेस कटचे टोकदार कोपरे आपटून तुटतात, ते कोपरे झाकणारे प्रॉंग, म्हणजे हिरा पकडून ठेवणारे धातूचे दाते, हवेत.

रंग

रंगाची पट्टी डीपासून झेडपर्यंत. डीपासून सुरुवात अशासाठी, की ए, बी, सी ही अक्षरं जीआयएच्या आधी बाजारात जो तो आपापल्या पद्धतीने वापरत होता. डी-ई-एफ रंगहीन, जी ते जे जवळपास रंगहीन आणि केपासून पिवळट झाक. ही श्रेणी ठरवतात ती हिरा उलटा ठेवून, नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी, ठरावीक उजेडात. अंगठीत तो उताणा बसतो. तिथे अर्ध्या कॅरेटच्या डी आणि जीमधला फरक सांगणारा माणूस विरळा, आणि भावातला फरक मात्र दणदणीत. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये जी-एच, पिवळ्या सोन्यात आय-जेसुद्धा छान दिसतो.

लहान हिरे सुटे मोजत नाहीत, जोडगटांत विकतात: ईएफ-व्हीव्हीएस, जीएच-व्हीएस, आयजे-एसआय वगैरे. पहिली अक्षरं रंगाची, नंतरची स्वच्छतेची. सात खड्यांच्या कुड्यांत सगळे एका छटेचे आहेत का हे पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. एखादा वेगळा पडला की तो कायम डोळ्यात खुपतो.

एक प्रश्न मुद्दाम विचारा: "बीजीएम आहे का?" म्हणजे तपकिरी झाक, हिरवी झाक किंवा दुधाळपणा. व्यापारी आपसात 'नो बीजीएम' असं बजावून माल घेतात, कारण दुधाळ हिरा कागदावर चांगला असूनही धुकट दिसतो आणि दुधाळपणाची वेगळी श्रेणी प्रमाणपत्रावर नसते. हा शब्द तुमच्या तोंडून आला की समोरच्याचा बोलण्याचा सूरही थोडा बदलतो.

फ्लुरोसन्सची भीती जरा जास्तच आहे. अतिनील प्रकाशात काही हिरे निळसर चमकतात, एवढाच त्याचा अर्थ. 'स्ट्राँग' असेल तर उन्हात नेऊन बघा. धुकट दिसला तर सोडा, नाही दिसला तर त्याच कारणाने भाव पाडून मागा.

स्वच्छता, आणि भिंग कसं धरायचं

फ्लॉलेसपासून, म्हणजे निर्दोषपासून, व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय असं उतरत आय-थ्रीपर्यंत अकरा पायऱ्या आहेत आणि सगळ्या दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरतात. व्हीव्हीएस हिऱ्यातला दोष तज्ज्ञालाही भिंगातून शोधावा लागतो. तुमचे आई-बाबा, सासूबाई, मैत्रिणी यांपैकी कुणी भिंग घेऊन साखरपुड्याला येणार नाही. 'आय क्लीन', म्हणजे नुसत्या डोळ्यांना डाग न दिसणारा हिरा, एवढं पुरे. अर्ध्या कॅरेटला व्हीएस-टू जवळजवळ नेहमी आणि एसआय-वन पुष्कळदा त्यात बसतो. एमराल्ड कटमध्ये मात्र मोठे सपाट पैलू खिडकीसारखे आतलं सगळं दाखवतात, तिथे व्हीएस-वनच्या खाली नको.

भिंग मागायला लाजू नका. दोन्ही कोपरं काउंटरवर टेकवा. भिंग डोळ्याच्या अगदी जवळ आणा, भिंग धरलेला हात गालाला टेकू द्या. मग दुसऱ्या हाताने अंगठी हळूहळू जवळ आणा. साधारण इंचभर अंतरावर ती एकदम स्पष्ट होते. लोक भिंग अंगठीवर धरून लांबून डोकावतात, त्यात काहीच दिसत नाही. दिसायला लागलं की तीन गोष्टी शोधा. टेबलाखाली मधोमध काळा ठिपका, गर्डलपर्यंत पोचलेली चीर आणि आत पसरलेलं धुकट जाळं. कडेचा पांढरा ठिपका प्रॉंगखाली झाकता येतो, मधला काळा झाकता येत नाही. चीर कडेला पोचली असेल तर हिरा बसवताना तुटण्याचा धोका असतो.

प्रमाणपत्र कुणाचं

जीआयए ही १९३१ मधली अमेरिकी संस्था, आयजीआय १९७५ मध्ये अँटवर्पला सुरू झालेली. दोन्हींच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. नैसर्गिक सॉलिटेअरला जीआयएचा कागद असला तर बाजारात बहुधा जास्त भाव मिळतो. दुकानाने स्वतः छापलेलं 'ऑथेंटिसिटी कार्ड' हे प्रमाणपत्र नव्हे. आणि तुलना करताना एकाच प्रयोगशाळेचे कागद शेजारी ठेवा, कारण एकाच हिऱ्याला दोन ठिकाणी वेगळी श्रेणी मिळू शकते.

प्रमाणपत्राचा नंबर आपल्या फोनवर, त्या संस्थेच्याच संकेतस्थळावर टाकून बघा. दुकानदाराने दाखवलेल्या स्क्रीनवर समाधान मानू नका. हाच नंबर बहुधा लेझरने गर्डलवर कोरलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो वाचून दाखवायला सांगा. शेवटची टिप्पणी वाचायची राहू नये. लेझरने पाडलेलं भोक, चिरेत भरलेला पदार्थ, रंग सुधारण्याची प्रक्रिया अशा नोंदी तिथे सापडतात.

दागिन्यात बसवलेल्या हिऱ्याची तपासणी अंदाजाची असते, म्हणून दागिन्याच्या प्रमाणपत्रावर 'जी-एच', 'व्हीएस-एसआय' अशी सरमिसळ दिसते. सॉलिटेअर घेताना शक्यतो हिरा सुटा बघून ठरवा, मग अंगठी घडवून घ्या आणि ताब्यात घेताना गर्डलवरचा नंबर पुन्हा पडताळा.

हॉलमार्कचा हिऱ्याशी संबंध नाही, तो फक्त सोन्याच्या शुद्धतेचा. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-आकड्यांच्या एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या वेगळ्या ओळख क्रमांकाशिवाय, हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. तो नंबर बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. अंगठीवर १८ कॅरेटसाठी ७५० किंवा १४ कॅरेटसाठी ५८५ दिसायला हवं.

भाव आणि पावती

व्यापाऱ्यांकडे एक यादी असते. मार्टिन रॅपापोर्ट यांनी १९७८ मध्ये सुरू केलेली ही यादी दर आठवड्याला निघते आणि भाव डॉलर प्रति कॅरेट असतात. प्रत्यक्ष सौदे 'इतके टक्के बॅक', म्हणजे त्या यादीपेक्षा इतके टक्के कमी, असे होतात. मुंबईत पूर्वी ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत आणि २०१० पासून बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्समध्ये हीच भाषा चालते. गिऱ्हाइकाला ती यादी लावायला जाऊ नये, दुकानाचा खर्च आणि नफा त्यात नसतो. आपल्या कामाची गोष्ट त्यातली एकच: भाव कॅरेटमागे विचारायचा.

समजा एका दुकानात ५२ सेंटचा हिरा १,०४,००० रुपयांना आहे आणि दुसऱ्यात ४७ सेंटचा ८४,६०० ला. पहिल्याचा कॅरेटमागे भाव २ लाख, दुसऱ्याचा १ लाख ८० हजार. आकडे हिशेबापुरते घेतलेत. आता प्रश्न एवढाच, की रंग, स्वच्छता, कट आणि प्रमाणपत्राची प्रयोगशाळा सारखी असताना कॅरेटमागे वरचे वीस हजार कशाचे? उत्तर '५० ची पायरी' असेल तर तुम्हाला ती पायरी हवी आहे का ते ठरवा. निदान तीन ठिकाणी, एकाच आठवड्यात, असे भाव लिहून घ्या.

पावतीचे चार तुकडे मागा: सोनं, हिरा, घडणावळ, कर. सोन्याचं वजन निव्वळ हवं. अंगठीचं एकूण वजन ४.२०० ग्रॅम आणि हिरा ०.५० कॅरेट असेल तर हिऱ्याचे ०.१०० ग्रॅम वजा होऊन सोनं ४.१०० ग्रॅम. अंगठीत हा फरक किरकोळ आहे. तीन कॅरेट खडे असलेल्या सेटमध्ये मात्र ०.६ ग्रॅम होतात, आणि कुणी ते सोन्याच्या भावाने लावले तर हजारोंचा फटका बसतो. भावही १८ कॅरेटचा लावलाय की २२ चा, तेही बघा. तयार दागिन्यावर जीएसटी एकूण रकमेच्या ३ टक्के, सुट्या पैलूदार हिऱ्यावर १.५ टक्के. दोन लाखांपुढच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो आणि तितकी रक्कम रोखीने घेता येत नाही.

'हिऱ्यांवर २० टक्के सूट'च्या जाहिराती मला कधीच भुरळ घालत नाहीत. ज्या वस्तूचा भाव फलकावर नाही, त्यावरची सूट फुगवणं सगळ्यात सोपं. घडणावळीवरची सूट तरी इतर दुकानांशी ताडून बघता येते.

परतीची अट तोंडी ऐकू नका, पावतीवर लिहून घ्या. रोख परत देणार की फक्त बदली? किंमत पावतीची धरणार की त्या दिवसाची? घट किती कापणार? प्रमाणपत्र हरवलं तर काय? प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला हीच अट लागू आहे का? या शेवटच्या प्रश्नावर बरीच दुकानं अडखळतात.

आपल्याकडे हिरा लाभतो की नाही हे बघायला चार दिवस घरी आणून ठेवण्याची पद्धत अजून आहे. माझा त्यावर विश्वास नाही, पण सोय म्हणून ती फार उपयोगी आहे. ओळखीची पेढी असेल तर जांगडवर, म्हणजे पसंतीच्या बोलीवर, हिरा देते. जांगडच्या चिठ्ठीवर वजन, प्रमाणपत्राचा नंबर आणि परतीची तारीख लिहून घ्या. त्या दिवसांत हिरा स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली, बाल्कनीत आणि संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी बघा. अंगठी वर्षानुवर्षं याच उजेडात वापरली जाणार आहे.

घडवलेली अंगठी हातात आली की कानाजवळ धरून हलकेच टिचकी मारा. खुळखुळ ऐकू आली तर हिरा सैल आहे. मग कापसाचा बोळा प्रॉंगवरून फिरवा. धागा अडकला तर प्रॉंग उचललेला आहे, तो तिथल्या तिथे दाबून घ्या आणि मगच पैसे चुकते करा.